आईच्या तोंडचा सिनेमा

सिनेमा कसा बघावा हे मला माझ्या आईबाबांनी शिकवलं, आणि या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेणार नाही. मी कोल्हापुरात नांदते. तिथे सिनेमावर बोलणारी शहाणी माणसं पुष्कळ आहेत. ती बोलतात तेव्हा मी मान डोलावते आणि मनात म्हणते, एकदा आमच्या घरी या, आणि जेवणं झाल्यावर टीव्हीसमोर बसलेल्या त्या दोघांच्या मागे नुसते बसून राहा.

गेल्या एप्रिलात तालुक्याच्या थेटरात मी अशीच त्यांच्या मागे बसले होते. लग्नानंतर त्या थेटरात पहिल्यांदाच. निमित्त आईचं होतं. कुणकेश्वराच्या पलीकडे आमची वाडी आहे. तिथल्या किनाऱ्यावर आदल्या वर्षी एका सिनेमाचं शूटिंग झालं, आणि मासे विकणारी बाई हवी म्हणून त्यांनी खरोखरच मासे विकणाऱ्या बाईला, म्हणजे माझ्या आईला, पाटीमागे बसवलं. हिरो येतो, तिला काही विचारतो, ती दोन-चार वाक्यं बोलते. एवढंच काम. पण वाडीपुरता तो आईचाच सिनेमा होता. टेम्पो करून माणसं दुपारच्या खेळाला आली होती. आईने केसांत सुरंगीचा वळेसर माळला होता, लग्नकार्याला नेसते ती जांभळी साडी नेसली होती, आणि खुर्चीत ती इतकी ताठ बसली होती की मला पडद्याचा एक कोपरा दिसत नव्हता.

वाडी खूश होती. पण आई वाडीच्या कौतुकासाठी आली नव्हती. तिला बाबांचं मत हवं होतं. बाबांनी आजवर ढीगभर सिनेमे पाहिले आणि त्यांतल्या एकाही बाईच्या कामाला चांगलं म्हटलेलं मला आठवत नाही. फारच खूश झाले तर ‘चलात’ म्हणतात. आणि आईचं तर सगळं आयुष्य बोलण्यावर गेलेलं. ती दिसण्याआधी तिचा आवाज येतो, हे आमच्याकडच्या पाचही वाड्यांना माहीत आहे. कॅमेऱ्यासमोर आपण काय बोललो, हे तिने वर्षभर कुणालाही सांगितलं नव्हतं. बाबा शूटिंगला गेले नव्हते, घरी जाळं शिवत बसले होते. मी कितीदा तरी फोनवर विचारलं, “काय बोललंस ता सांग तरी गो आये.”

“थेटरात आयका,” ती म्हणायची. “आनी हेंका थेटरात दिसात.” हे म्हणजे बाबा.

दिवे मालवले. खुर्च्या आता मऊ आल्या आहेत आणि हवा गार केलेली असते. पण बाजूच्या दारावरचा जाड पडदा बहुधा तोच असावा. त्याला अजून दमट कापडाचा आणि खारवलेल्या शेंगांचा वास येतो. तो वास आला आणि पुढच्या जाहिराती मी पाहिल्याच नाहीत.

आमचा सिनेमाचा मोसम पावसाळ्यातला. होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असायच्या. माळ्यावर सुके बांगडे, त्यांचा वास उशीच्या अभ्र्याला, वह्यांना, आमच्या वेण्यांना. दर्या बंद म्हणजे बाबांना करमायचं नाही. ते उगाच दोर उसवायचे आणि परत वळायचे, आम्हा मुलांवर खेकसायचे. मग एखाद्या दिवशी आई चुलीपुढून उठायची, हात धुवायची आणि म्हणायची, “चला, पिक्चर बगून येवया.” बाबांचा पांढरा शर्ट बाहेर निघायचा. घाटी चढून एस्टी गाठायची, वाटेत घोट्यापर्यंत लाल पाणी, आईच्या हातात चपला आणि आमच्या डोक्यावर पावसाची खोळ, घोंगता. थेटरात शिरलं की साऱ्या छत्र्या भिंतीला टेकवलेल्या असायच्या आणि त्यांच्या पाण्याचे ओहोळ पहिल्या रांगेपर्यंत गेलेले असायचे.

छप्पर तेव्हा पत्र्याचं होतं. सर आली की पत्र्यावर असा गजर व्हायचा की हिरो काय म्हणतो ते कुणाला म्हणून कळायचं नाही. तेवढ्या वेळापुरतं सगळं थेटर माझ्या बाबांसारखं व्हायचं.

कारण बाबांना ऐकू येत नाही. त्यांचे कान होडीच्या इंजिनाने हळूहळू नेले. पण ते आम्हा मुलांना कितीतरी वर्षं कळलंच नव्हतं. मशीनच्या होडीवर माणसाचा आवाज माणसापर्यंत पोचत नाही, म्हणून खलाशी एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात. दोर सोड, जाळं ओढ, विडी आहे काय, सगळं नुसत्या ओठांनी. बाबा तांडेल, होडीचे मुख्य. होडीच्या दुसऱ्या टोकाला कोणी हळूच शिवी दिली तरी ती त्यांना दिसायची. आणि सकाळी होडी परतताना आई गुडघाभर पाण्यात उभी असायची. लाटांच्या गाजेत हाक मारण्यात अर्थ नसायचा. ती लांबूनच तोंड हलवून विचारायची, काय गावला? बाबा तिकडून ओठांनीच सांगायचे, पेडवे. किंवा बांगडे. किंवा नुसती मान हलवायचे. मग आई किनाऱ्याकडे वळायची आणि तिचा तो प्रसिद्ध आवाज लावायची. होडी वाळूला टेकायच्या आधी गिऱ्हाइकं उभी राहिलेली असायची. मी शाळेचा गणवेश घालून हे पाहत उभी राहायची. माझ्या आईबाबांना जे येतं ते इतर कुणाच्या आईबाबांना येत नाही असं मला वाटायचं. आता मी मोठी झाले, जग पाहिलं, आणि अजूनही मला तसंच वाटतं.

थेटरात ते दोघं तेच करायचे. बाबांना ओठ वाचता यायचे ते फक्त मालवणी बोलणारे, म्हणून पडद्यावर कोणी बोलायला लागलं की आई बाबांकडे तोंड वळवायची. पडद्याचा उजेड तिच्या गालावर पडायचा. आवाज न काढता ती सगळे संवाद त्यांना मालवणीत सांगायची आणि बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. गाणं किंवा मारामारी लागली की दोघं पडद्याकडे. म्हणजे हिरो-हिरोईन एकमेकांशी बोलू लागले की पुढच्या रांगेत हे नवराबायकोही एकमेकांकडे टक लावून बसलेले. मागची माणसं काय समजत असतील कोण जाणे. आईने त्यापायी कितीतरी सिनेमे अर्धेच पाहिले. त्याची खंत तिने कधी बोलून दाखवली नाही.

सांगताना ती काटछाट मात्र सढळ हाताने करायची. हिरो खूप वेळ हातवारे करून, घसा फुगवून बोलला की आई एवढंच सांगायची, आयशीची आठवण येता तेका. बाबांना हळू बोलता येत नाही. स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही तर तो मोजणार कसा? ते साऱ्या थेटराला ऐकू जाईल असं विचारायचे, “इतको वेळ ह्याच सांगत होतो?” थेटर हसायचं. आई लाजायची नाही. ती मागे वळून हसणाऱ्यांकडे एकदा बघून घ्यायची, बस.

एकदा पुढच्या रांगेतल्या एका बाईने नाकाला पदर लावला आणि नवऱ्याला म्हणाली, मासळीचा वास येतोय. आईने ते ऐकलं. “येवंदे,” आई म्हणाली. “रविवारी ह्योच वास शोधीत माझ्या पाटीकडे येतलंस.” आणि ती बाई रविवारी खरंच आली. आईने तिला निवडून ताजी सुंगटं, म्हणजे कोळंबी, दिली आणि वर सिनेमा कसा वाटला तेही विचारलं.

खेळ सुटला की एस्टी स्टँडवर चहा, आणि मग मतं. ही मतं ऐकायला मी जीव टाकायची. आईचं मत माणसांवर असायचं, बाबांचं कामावर. एका सिनेमात दोन मित्र एकाच मुलीच्या प्रेमात पडतात आणि तीन तास रडतात. आई म्हणाली, “दोघय बिनकामाचे. तिना आपला गप घराक जावचा.” बाबांना त्या दोघांपेक्षा होडीत बसलेला तिसरा माणूस आठवत होता. “तो वल्हा उलटो मारीत होतो,” ते म्हणाले. एका गाण्यात हिरो जहाजाच्या अगदी टोकावर हात पसरून उभा होता. “थय कोण उबो रवता? एक लाट इली काय हो खाली.” आई म्हणाली, “नाचाक जागा होयी ना तेका.” यावर बाबांनी चहाचा घोट घेतला, विचार केला आणि म्हणाले, “खळ्यात नाचाचा.” त्या उत्तराने त्या सिनेमाचा निकाल लागला.

दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात आई तो सिनेमा सांगायची. दोन्ही बाजूंना बायका ओळीने बसलेल्या, विळीवर हात चाललेले, खवले उडताहेत, मांजरं पाटीभोवती, आणि मधे माझी आई हिरोच्या आईचं रडणं रडून दाखवते आहे. गिऱ्हाइकं मासे घेऊन झाल्यावरही उभी राहायची. तिचा माल संपला की ती उठायची, गोष्ट असेल तिथे. लोक म्हणायचे, अगो, पुढे काय झालं? “उद्या येवा,” आई म्हणायची आणि पाटी डोक्यावर घ्यायची. तो बाजार आता नाही. तिथे सिमेंटचे ओटे आले आहेत आणि बायकांमधे भिंती. आई म्हणते, बोलायचं तर आता उठून जावं लागतं.

बाबांनी दर्या सोडला तेव्हा आम्ही त्यांना मोठा टीव्ही घेऊन दिला. आता जेवणं झाली की दोघं त्याच्यासमोर बसतात. घरात आईला आवाज दाबायची गरज नाही. बाबांना त्याचा उपयोग नाही, पण ती भरभरून, खणखणीत बोलते, आणि वाडीत जाणाऱ्या-येणाऱ्याला सिनेमा कळतो. परवा त्यांनी इंग्रजी सिनेमा पाहिला. आईला इंग्रजीचं अक्षर येत नाही. तिने तरीही सगळा सांगितला. तिच्या सिनेमात ती गोरी बाई सासूशी भांडून माहेरी चालली होती आणि विमान चुकलं होतं. मी नंतर तो सिनेमा पाहिला. त्यात सासूच नाही. आईचा जास्त चांगला होता. भुताच्या सिनेमावर तिचं म्हणणं असं की भुताला इतकं नटायला वेळ मिळतो म्हणजे त्याच्यामागे कामधंदा नाही. त्यातलं दार करकरतं असं आईने सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, “दार वाजता कित्याक? तेका तेल घाला आदी.”

असे हे दोघं. अशा चोखंदळ माणसाच्या शेजारी आई आता स्वतःचं काम दाखवायला बसली होती. सिनेमाभर ती नेहमीप्रमाणे तोंड वळवून त्यांना सांगत होती. हिरोचे वडील दर्यावर गेले ते परत आले नाहीत आणि तो किनाऱ्याकिनाऱ्याने माणसांना विचारत फिरतो आहे, अशी गोष्ट. बाबा मधूनमधून आपलं मत देत होते. ‘होडयेचो रंग नवो आसा.’ ‘ह्यो दोर असो बांधणत नाय.’ मध्यंतर झालं. मग वाळू दिसली, आमचीच, मागे आमची सुरूची झाडं, आणि पाटीमागे आई. वाडीने शिट्ट्या मारल्या. शेजारची सुलूकाकी माझा दंड धरून बसली. पडद्यावरचा मुलगा आईसमोर उकिडवा बसला आणि त्याने विचारलं, माझ्या बाबांना पाहिलंत का?

आईचे ओठ हलले. आवाज आला तो पातळ, गोड, जपून जपून बोलणारा.

“दर्या ज्याला नेतो ना बाळा, त्याला दर्याच परत आणतो.”

शिट्ट्या थांबल्या. आमच्या वाडीतली चार घरं अशी आहेत की ज्यांच्यासमोर हे वाक्य कोणी उच्चारणार नाही. आई तर नाहीच नाही. आवाज संपला तरी पडद्यावर तिचे ओठ हलतच होते.

मग मला तो फोन आठवला. श्रावणात मुंबईहून आलेला. लाटांमुळे तुमचं बोलणं नीट आलं नाही, स्टुडिओत येऊन परत बोलाल का, येण्याजाण्याची सोय करतो. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “एकदा बोललंय ना? मी बोललेला परत बोलणंय नाय.” आणि फोन ठेवला. बाजारात एकदा सांगितलेला भाव ती कधी फिरवत नाही, हा तिचा कायदा. तिला वाटलं, आपण गेलो नाही तर जसं आहे तसं ठेवतील. हे तिने मला हसत हसत सांगितलं होतं, आणि मला तिचा केवढा अभिमान वाटला होता. त्या क्षणी थेटरात मात्र मला तिच्या पाठीकडे बघवेना.

त्या शांततेत बाबा मोठ्याने हसले. “बरोबर,” ते म्हणाले. दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं.

आई त्यांच्याकडे वळली नाही. तो प्रसंग संपला, पुढचे तीन-चार प्रसंग झाले, माणसं बोलत राहिली, आणि आई पडद्याकडे बघत बसली. बाबांनी दोनदा वाकून तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. मग ते नुसती चित्रं बघत राहिले. इतक्या वर्षांत बाबांनी सिनेमा असा एकट्याने पाहिलेला मी कधी पाहिला नव्हता.

बाहेर ऊन डोळ्यांवर आलं. माणसं पायरीवर घोळक्याने उभी राहिली. सुलूकाकी म्हणाली, “दिसलंस मात्र बरी हां वैनी. साडी तुका शोबली.” आईने मान हलवली. मला बाजूला घेतलं आणि हळू, तिच्या मानाने फारच हळू, विचारलं, “माझो आवाज खंय गेलो गो?”

वळेसरातली दोन सुरंगीची फुलं तिच्या खांद्यावर पडली होती, ती मी उचलली.

बाबा समोरच्या टपरीवर चहा सांगून परत आले. नेहमीप्रमाणे उभे राहिले, नेहमीप्रमाणे खाकरले. मत द्यायची वेळ झाली होती आणि त्यांना थांबवणार कोण? “पिक्चर तसो सादोच,” ते त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले. “त्या झिलाक रडाक बरा येता. बाकी काय येणा नाय. पण तू बोललंस ता बरा बोललंस. आजवर कोण बाई पिक्चरात इतक्या बरोबर बोलाक नाय.”

आईने त्यांच्याकडे तोंड केलं. “काय बोललंय मी?”

बाबांना वाटलं ती परीक्षा घेते आहे. ते हसले, आणि बोलले, रस्त्यापलीकडच्या रिक्षावाल्यांनाही ऐकू जाईल असं. “‘दर्याक काय इचारतंस, बाबू. दर्याक काय एक म्हायत नसता. तू आदी जेवलंस काय ता सांग. चल घराक, पेज आसा. जेव, मगे शोदूया.’ असाच ना?”

सुलूकाकीचा थोरला दीर दर्यावरून आला नव्हता, त्याला बरीच वर्षं झाली. तिने पदर तोंडाला लावला.

“असाच,” आई म्हणाली. मग तिने विचारलं, “आनी आवाज कसो होतो माझो?”

बाबांना हा प्रश्नच कळला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, परत तिच्याकडे. “कसो म्हंजे? तुझोच होतो. आनी कोणाचो असतलो?”

मला सांगावंसं वाटलं, की बाबा, आत एवढी माणसं बसली होती, त्यांत आईचा आवाज तुम्हा एकट्यालाच ऐकू आला. मी तोंड उघडलंही असेन. आई बाबांकडे पाठ करून माझ्याकडे वळली, डोळे भरलेले, मान ताठ, आणि म्हणाली, सांगा नको तेंका.

आवाज न काढता म्हणाली, नुसत्या ओठांनी. मला ते दिसलं.